लताकाकूंच्या ओट्याचा फोटो

मला कुणाच्याही घरात गेलं की माणसांआधी डाग दिसतात. सवय वाईट आहे, पण आता जाणार नाही. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात एकोणीस वर्षं हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून काढली. रोज चाळीस खोल्यांच्या चौकटींवरून बोट फिरवायचं आणि बोटाला काही लागलं की कुणालातरी झापायचं, हेच माझं काम. माझा नवरा हरीश म्हणतो, मी स्वर्गात गेले तरी आधी तिथल्या खिडक्यांच्या कडा तपासेन.

गेल्या वर्षी हॉटेलने साफसफाईचं सगळं काम एका एजन्सीला देऊन टाकलं आणि आम्हा जुन्या लोकांना केक कापून निरोप दिला. केकही शिळा होता. पुढचे दोन महिने मी दिल्लीजवळच्या वैशालीतल्या आमच्या फ्लॅटमधली कपाटं, पंखे, नळ, जे हाताला लागेल ते घासत बसले. शेवटी हरीश हात जोडून म्हणाला, "नीला, आता जरा दुसऱ्यांची घरं घास." त्याने चेष्टा केली होती. मी मनावर घेतलं.

काम ठरवलं ते फक्त स्वयंपाकघरांचं. झाडू-पोछाला घरोघरी बायका असतातच, पण चिमणीच्या जाळीतलं तेल, एग्झॉस्ट पंख्याची पाती, टाइल्सच्या फटी, ओट्याखालचे पाइप, यांना कुणी हात लावत नाही. हॉटेलच्या लाँड्रीतली राजवती माझ्याबरोबरच सुटली होती. ती आणि तिची जाऊ अशा दोघी यायला तयार झाल्या. मी हातमोजे आणले, तेल काढायची औषधं आणली, एक घडीची शिडी आणली, आणि घरात बसून फोनची वाट बघायला लागले.

पहिला फोन लताकाकूंचा आला. "पहिली भवानी माझ्याकडे करायची. दुसरीकडे गेलीस तर बघ."

लताकाकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पटपडगंजच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. दिनकरकाकांना जाऊन सहा वर्षं झाली. मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा मला भाजीवाल्याशी हिंदीत भांडायला याच काकूंनी शिकवलं, माझं डोहाळजेवणही त्यांनीच केलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे दोनशे एक्कावन्न उकडीचे मोदक गेली तीस वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात होतात. आठ-दहा जणी जमून पाऱ्या करतात, पण उकड काढायची आणि पात्राशी उभं राहायचं ते काकूंनी. मंडळाचं तांब्याचं भलंमोठं मोदकपात्रही त्यांच्याच माळ्यावर असतं. दिनकरकाकांनी त्याच्या झाकणावर लाल ऑइल पेंटने मंडळाचं नाव आणि साल घातलंय. हॉटेलच्या ड्युट्यांमुळे मी मात्र चार-पाच वर्षांत मोदकांना गेले नव्हते.

मे महिन्यात आम्ही तिघी त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या दोनपैकी एक ट्यूब बंद होती. ओट्यामागच्या भिंतीवर तेलाचा तपकिरी थर होता, बोट टेकवलं तर सोडवून घ्यावं लागत होतं. डब्यांची झाकणं मेणचट झाली होती. शेगडीखाली काय होतं ते मी लिहीत नाही. काकू इस्त्रीच्या साडीत दाराशी उभ्या राहून म्हणत होत्या, "तसं फारसं काही नाहीये गं. मी रोज पुसते." त्या रोज पुसत होत्या हे अगदी खरं होतं. त्यांचा हात पोचेल तेवढा अर्धगोल स्वच्छ होता, त्याच्या बाहेर सगळं साचत गेलं होतं.

"बिल्कुल काकू, तासाभराचं काम आहे," म्हणून त्यांना शेजारी बसायला पाठवलं. काम सुरू करण्याआधी फोटो काढले. ती हॉटेलची शिस्त. नंतर कुणी म्हणालं की ही टाइल तुम्ही फोडलीत, तर आपल्याकडे पुरावा असतो. मग घासायला लागलो. सात तास लागले.

संध्याकाळी काकू आल्या आणि दारातच म्हणाल्या, "लिंबाचा वास किती छान येतोय." मग ओट्यावरून हात फिरवला, भिंतीवरून फिरवला, हसल्या. त्या डोळ्यांनी बघत नव्हत्या, हाताने बघत होत्या. एकोणीस वर्षं सुपरवायझर असलेल्या बाईच्या हे लक्षात यायला हवं होतं. "फार काही नव्हतं काकू," मी म्हणाले. त्यांनी माझी ओटी भरली, राजवतीला आणि तिच्या जावेला खण दिले. इथवर सगळं ठीक होतं.

पण भवानीनंतर गिऱ्हाईक येईना. मी हिंदीत एक पत्रक छापून घेतलं आणि सकाळच्या पेपरांत घालायला पेपरवाल्याला दिलं. "रसोई की पूरी सफ़ाई, अनुभवी महिलाओं द्वारा." चौदा फोन आले. त्यातल्या अकरा जणींना चोवीस तासांची बाई हवी होती. एकीने विचारलं, बच्चा भी संभालेंगी क्या. एकाला मला कर्ज द्यायचं होतं. चौदावा फोन खुद्द पेपरवाल्याचा होता, पत्रकं उरलीत त्यांचं काय करू म्हणून. सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर लावलेली पत्रकं गार्डनी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. मला इतका राग आला होता की मी हरीशशी दोन दिवस धड बोलले नाही, आणि त्याचा त्यात काही संबंध नव्हता.

आमच्या मुलीचं नाव पूर्वी. ती गुडगावला एका ऑफिसात मार्केटिंगचं बघते. ती म्हणाली, "आई, यार, पॅम्फ्लेट कोण वाचतं? फोटो दाखव." माझा फोन घेऊन ती फोटो सरकवत बसली आणि लताकाकूंच्या ओट्यावर थांबली. "ओ माय गॉड. हे असं होतं?"

"हो. सगळं मेणचट झालेलं."

"मेणचट म्हणजे?"

मी तिला फोटोतली भिंत दाखवली. तिला कळलं. तिने डावीकडे तो फोटो ठेवला, उजवीकडे सात तासांनंतरचा, वर "आधी" आणि "नंतर" लिहिलं आणि खाली माझा नंबर टाकला. खरं सांगते, बघून माझा मलाच अभिमान वाटला.

"कुणाचं घर ते कळणार नाही ना?" मी विचारलं. आम्ही दोघींनी बारकाईने बघितलं. देवघराचा कोपरा कापला, दिनकरकाकांचा फोटो कापला, खिडकीबाहेरची पाण्याची टाकीसुद्धा कापली. काकूंना विचारायला हवं होतं, हे तेव्हाही माझ्या मनात आलं होतं. पण विचारायचं म्हणजे फोटो दाखवायला हवा, आणि तो दाखवायची मला लाज वाटत होती. त्या व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाहीत, साधा बटणांचा फोन आहे, त्यांना काय कळणार, असं म्हणून मी विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर तीनशे बारा जण आहेत. गणपतीला तीन आठवडे होते.

दुपारी एकपर्यंत मी राजवतीबरोबर इंदिरापुरममध्ये राजवतीच्याच ओळखीतल्या एका पंजाबी बाईंच्या चिमणीत डोकं घालून उभी होते. हातमोजे काढून फोन बघितला तर चौसष्ट मेसेज.

पहिलाच होता, "अरे, वर माळ्यावर आपलं मोदकपात्र ना?"

होतं. फोटोच्या वरच्या कडेला झाकण अर्धं दिसत होतं, आणि त्यावर लाल रंगात आमच्या मंडळाच्या नावाची शेवटची अक्षरं आणि साल. मी त्या फोटोत डाग सोडून काहीच बघितलं नव्हतं. खाली रांग लागली होती. "म्हणजे हे लताकाकूंचं किचन?" "बाप रे." "आणि आपण दरवर्षी तिथले मोदक खातो." "जानेवारीत पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला गेलो तेव्हाचे तिळाचे लाडू पण तिथलेच होते ना?" कुणीतरी लिहिलं होतं, "माझ्या मुलाचं पोट तेव्हाच बिघडलं होतं." त्या मुलाचं पोट त्या सहलीत कशाने बिघडलं हे सगळ्या बसने पाहिलं होतं, त्याने वाटेत ढाब्यावर सहा पराठे खाल्ले होते. पण ते कुणी लिहिलं नाही.

मी फोटो काढून टाकला. तोवर तो लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसला होता. सर्वांत खाली मंडळाचे सचिव भालचंद्रराव यांनी लिहिलं होतं, "या विषयावर ग्रुपवर चर्चा नको. समिती निर्णय घेईल."

निर्णय संध्याकाळपर्यंत झाला. यंदाचे मोदक करोल बागेतल्या एका केटररकडून. भालचंद्ररावांनी मला फोन करून सांगितलं, अगदी सौम्य आवाजात. "काकूंना दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, काकू, आता वय झालं, यंदा तुम्ही आराम करा. फोटोचं काही बोललो नाही. तूही बोलू नकोस."

त्याच दिवशी तो फोटो बघितलेल्या चार जणींचे मला फोन आले. खरे फोन, चिमण्यांचे आणि ओट्यांचे. मी चारही कामं घेतली. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

रात्रभर विचार केला. भालचंद्ररावांचं ऐकलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. काकूंनी वयाला दोष दिला असता, आणि वयाला दोष देण्यात कुणाचाच अपमान नसतो. पण मग त्या स्वयंपाकघरात पुन्हा मोदक कधीच झाले नसते, आणि का नाहीत हे काकूंना सोडून सगळ्या मंडळाला माहीत असतं. मला ते सहन होईना. सकाळी मी पटपडगंजला गेले.

काकूंनी बाहेरच्या खोलीत जुन्या धोतरावर तांदूळ पसरले होते. पुण्याहून मागवलेला आंबेमोहोर, धुऊन वाळवलेला, पिठीसाठी. "भालचंद्र म्हणतो माझं वय झालं," त्या म्हणाल्या. "झालंच आहे. पण तांदूळ धुवायच्या आधी तरी सांगायचं." मग म्हणाल्या, "वाईट वाटलं गं मला. वर्षभरात तेवढं एकच काम असतं, ज्यासाठी माझ्याकडे दहा माणसं येतात."

मी सगळं सांगितलं. फोटो, ग्रुप, मोदकपात्राचं झाकण, समिती. उभ्यानेच सांगितलं, बसायची हिंमत नव्हती.

"बघू," त्या म्हणाल्या.

मी फोन दिला. त्यांनी तो नाकापर्यंत नेला, मग उठून खिडकीशी गेल्या, मग मला म्हणाल्या, मोठं कर. मी बोटांनी फोटो मोठा केला. भिंत, डबे, शेगडीखालची जागा. त्यांनी एकेक करून सगळं बघितलं.

"हे माझं आहे?"

"हो काकू."

"मी रोज पुसत होते."

"हो."

"मग मला दिसलं नाही." हे त्यांनी स्वतःलाच सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी नऊ जणी आल्या होत्या. इथेच उभ्या राहून पाऱ्या केल्या. एकही बोलली नाही. घरी जाऊन बोलल्या असतील."

मी फोन पर्समध्ये टाकला.

"आणि तू सात तास घासलंस. फार काही नव्हतं काकू, म्हणालीस. तीनशे जणांना दाखवलंस नीला. मला नाही दाखवलंस."

मला माणसांना झापता येतं, बाजू मांडता येते, गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालता येतो. तेव्हा एवढंच म्हणता आलं की चुकलं माझं. मला रडू आलं. काकूंनी जवळ घेतलं नाही, रडू नकोस असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तांदूळ धोतरासकट गोळा केले, गाठ मारली आणि माझ्या हातात दिले. "घेऊन जा. घावन कर. आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस या स्वयंपाक कसा करत होत्या हेच नवल आहे.

गणपतीत काकू मंडळात आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, करोल बागेचा एक मोदक खाल्ला. मोदक वाईट नव्हते. वाईट असते तर मला बरं वाटलं असतं. सगळ्यांनी काकूंच्या तब्येतीची चौकशी केली. फोटोचा विषय कुणी काढला नाही, आणि कुणी काढत नाहीये हे काकूंना पहिल्यांदाच समजत होतं.

विसर्जनानंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नेणं-आणणं माझ्याकडे होतं. गाडीत काकू कामापुरतं बोलायच्या, डावीकडे वळ, इथे थांब, बस. मी तेवढ्यावर समाधान मानलं. महिनाभर शेगडीच्या वाफेसमोर उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून डबा माझ्या घरून जायचा. डबा रोज घासून परत यायचा.

मधल्या काळात माझी नवी जाहिरात निघाली. त्यासाठी मी आमच्याच घरची चिमणी दोन महिने घासली नाही. रोज स्वयंपाक करताना ती डोक्यावर टपकेल असं वाटायचं, मी हरीशवर खेकसायचे, पण हात लावला नाही. फोटोखाली पूर्वीने माझ्या सांगण्यावरून लिहिलं, "ही आमच्या स्वतःच्या घरची चिमणी आहे." गिऱ्हाइकांना ते आवडलं असावं. आता आठवड्याला दोन-तीन कामं येतात. गिऱ्हाइकाच्या ओट्याचा फोटो काढला की तो आधी गिऱ्हाइकाला दाखवते. काही जणींना राग येतो. येऊ दे.

दसऱ्यानंतर काकूंचा फोन आला. "संकष्टीला ये. भालचंद्रलाही बोलावलंय."

दिल्लीत त्याच दिवशी करवा चौथ असतो. मी पोचले तेव्हा सोसायटीतल्या बायका मेंदीभरल्या हातांनी चाळण्या घेऊन गच्चीकडे निघाल्या होत्या. आमचा आणि त्यांचा चंद्र एकच, त्यामुळे या संकष्टीला काकूंना तो उगवला का हे बघायला वर जावं लागत नाही. गच्चीवर कालवा झाला की आपलं पान वाढायचं.

काकूंच्या स्वयंपाकघरात दोन्ही ट्यूब नव्या होत्या. लहान चाळणीवर एकवीस मोदक तयार होते. भालचंद्रराव अवघडून दाराशी उभे होते, हातात सफरचंदांची पिशवी.

"आत ये," काकू म्हणाल्या. "आधी बघून घे. मग पानावर बस."

"अहो काकू, कशाला—"

"बघ रे. भिंत बघ. डबे उघड. शेगडीखाली वाक."

भालचंद्ररावांचे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते वाकले. भिंत बघितली, एक डबा उघडला, मिटला. उठताना ओट्याचा आधार घ्यावा लागला. "स्वच्छ आहे काकू," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"आता बस."

गच्चीवर कालवा झाला. भालचंद्ररावांनी सात मोदक खाल्ले, वर तूप मागून घेतलं. निघताना चपला घालत म्हणाले, "काकू, पुढच्या वर्षाचा विषय मी समितीसमोर ठेवतो."

"ठेव. आणि त्या नऊ जणींनाही माझा निरोप दे. यायचं असेल तर या म्हणावं. पण काही दिसलं तर मला सांगा. मला."

ते गेले. मी ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली. काकूंनी दार लावून घेतलं, आत आल्या आणि माझा हात धरून मला नळाजवळ नेलं.

"वाक."

मी वाकले. नळाच्या मागे पांढऱ्या टाइल्स होत्या. "काही नाहीये काकू."

"चष्मा लाव."

चष्मा माझ्या पर्समध्ये असतो. दोन वर्षं झाली नंबर लागून, पण राजवतीसमोर मी तो लावत नाही. सुपरवायझरला चष्मा शोभत नाही असं मी का ठरवलं होतं देव जाणे. मी तो काढला, लावला आणि पुन्हा वाकले. नळाच्या मागे, दोन टाइल्सच्या सांध्यात, बोटभर लांब पिवळा चिकट पट्टा होता. मे महिन्यातला. सात तास घासून, स्वतः तपासून, मी मागे ठेवलेला.

"सकाळी ट्यूब बदलल्यावर दिसला मला," काकू म्हणाल्या. "भालचंद्रला दिसला नाही."

"तेव्हाच बोलायचं होतं."

"त्याच्यासमोर?" त्या म्हणाल्या. "तुझा धंदा आहे. तो जायची वाट बघत होते."

मी बाह्या वर सारल्या आणि इकडेतिकडे बघायला लागले. तारेची घासणी काकूंनी आधीच काढून ओट्यावर ठेवली होती.